भाव केलेली जडी

रोहण्यापासून आष्टीपर्यंतच्या बैलबाजारात मला लोक जडीवाला म्हणतात. मी जडीबुटी कधी विकली नाही. मी बैल विकले, गवळाऊ जातीचे, पांढरे, लांब तोंडाचे, हलक्या चालीचे. माझ्या हातचा बैल घेऊन पस्तावलेला शेतकरी आर्वी तालुक्यात कोणी दाखवावा. तरीही नाव पडलं ते माझ्या दाराच्या चौकटीवर लाल फडक्यात बांधलेल्या एका वाळक्या मुळीवरून. हे मला तेव्हाही सोसलं नाही, आजही सोसत नाही.

ती मुळी पांढऱ्या रुईची आहे. रुई आमच्याकडे बांधाबांधावर उगवते, पण ती जांभळट फुलांची. निखळ पांढऱ्या फुलांचं झाड शोधावं लागतं, आणि ते जुनं असेल तर त्याच्या मुळात गणपती उतरतो असं मानतात. ती काढायची रीत मोठी आहे. रविवारी पुष्य नक्षत्र यावं लागतं. आदल्या संध्याकाळी झाडाजवळ जाऊन हळद-तांदूळ वाहायचे आणि त्याला आवतण द्यायचं, की उद्या आमच्याकडे चल. सकाळी लोखंड न लावता, लाकडी खुंटीनं माती उकरून मुळी काढायची. काढताना तोंडातून शब्द काढायचा नाही. मग सावलीत वाळवायची. अशी जडी चौकटीला बांधली की त्या घरात बाहेरची बाधा येत नाही, लेकरांना दृष्ट लागत नाही, बरकत राहते.

हे सगळं काढणाऱ्यानं पाळायचं. घेणाऱ्यानं पाळायचा नियम एकच. जडीचा भाव करायचा नाही. देणारा मागेल ते द्यायचं, नाहीतर उठून चालू लागायचं. भाव केला की जडी मेली. मग ते नुसतं सरपण.

माझा सगळा जन्म भाव करण्यात गेला, आणि नेमकी ही वस्तू मला आणायला सांगितली.

आणीबाणी उठली त्या सुमाराला मी मोठ्या भावापासून वेगळा निघालो. वाटणीत विहिरीजवळची काळी जमीन दादाला गेली आणि मुरमाचं रान माझ्या वाट्याला आलं. मी कारण विचारलं तर दादा चारचौघांत म्हणाला, "तू तं बाजारानं फिरते. तुले चांगलं वावर काय करायचं?" बैलांचा व्यापार करणाऱ्याला आमच्याकडे हेडी म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना शेतकऱ्याचं तोंड थोडं वाकडं होतं. दादाचं जास्तच होई. मी त्या मुरमावर ज्वारी पेरली, कडब्याची गंजी रचली आणि हेडीच झालो.

हा धंदा मला कोणी शिकवला नाही. दुसऱ्यांचे बैल बाजारात हाकत नेता नेता मी पाहून शिकलो. बैलाचे दात पाहायचे, खूर पाहायचे, बसलेला उठताना पाहायचा, पाणी पिताना पाहायचा. भाव उघड बोलायचा नाही. दुपट्टा हातावर टाकायचा आणि त्याखाली समोरच्याची बोटं धरायची. दाबलेल्या बोटांवरून रक्कम कळते, आणि भोवतीच्या गर्दीला दिसतात फक्त दोघांची तोंडं. माझ्या तोंडावर काही दिसत नसे. बाजार आटोपल्यावर मी कोणाच्याही अंगावर धावून जाई, ती गोष्ट वेगळी. दुपट्ट्याखाली माझा हात कधी तापला नाही.

अंगावरच्या भोवऱ्यांची मेखही मी हेरली होती. बैलाच्या कातडीवर केस गोल फिरलेले असतात, त्यावर लोक शुभ-अशुभ ठरवतात. एका बाजारात जो भोवरा धन्याला खातो म्हणत, तोच भोवरा पुढच्या बाजारात लक्ष्मीचा मानत. मी पहिल्या बाजारात घेई आणि पुढच्या बाजारात विकी. बैल तोच. चार पावलं जास्त चालायची तयारी फक्त माझी.

तर, दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर मी बांधलं. सागाची चौकट बसवली. बायकोला तेव्हा दिवस गेले होते. जुन्या घरी आमचं पहिलं लेकरू सटवीच्या पूजेआधीच गेलं होतं, आणि त्याबद्दल ती कधी बोलत नसे. नव्या घरात राहायला आलो त्या आठवड्यात ती उंबऱ्यात उभी राहून वर पाहत होती.

"काय पाहून राह्यली?"

"चौकट उघडी हाय," ती म्हणाली. "माह्या माहेरी पांढऱ्या रुईची जडी होती. आष्टीच्या बाजारात एक बुढी बसते म्हनते, जंगलातली. तिच्यापाशी खरी भेटते. आनाल का?"

"आनतो."

"आन आयका. भाव नका करू. तुमची जीभ घरी ठेवून जा."

केळझरकडची ती. गणपतीच्या पायाशी वाढलेली, म्हणून बोलणं कमी आणि श्रद्धा पक्की. तिचा एक हात पोटावर होता. मी बरं म्हणालो आणि मनापासून म्हणालो.

आष्टीचा बाजार बैलांच्या बाजूला मला घरासारखा होता, पण या बाजूला मी कधी फिरकलो नव्हतो. लिंबाच्या झाडाखाली पोतं अंथरून ती बसली होती. डोंगराकडची गोंड बुढी, तोंडात तंबाखू, पुढ्यात वेखंड, बिब्बे, मुरुडशेंगा, गुंजा, काळे दोरे. शेजारी एक कांदेवाला.

"पांढऱ्या रुईची हाय का, माय?"

तिनं मला खालून वर पाहिलं. बैल पाहावा तसं. मग मांडीखालची पुरचुंडी सोडून तिनं मुळी काढली. वीतभर लांब, तपकिरी, मध्ये फुगलेली, एका बाजूनं सोंडेसारखी वळलेली. खरं सांगतो, गणपती दिसत होता.

"किती?"

"अकरा रुपये."

वावरातल्या बाईला त्या काळी कितीतरी दिवस निंदण करावं लागे तेवढ्या पैशांसाठी. माझ्या कानामागं ऊन लागल्यासारखं झालं.

"काऊन वो माय, सोन्याचा हाय का गनपती?"

"मातीतला हाय. सोन्याचा पायजे तं सोनाराकडं जाय."

इथं मी थांबायला हवं होतं, असं दुसरा कोणी सांगेल. मी पाच म्हणालो.

बुढीचा हात थांबला. कांदेवाल्यानं मान वळवली.

"जडीचा भाव नाई करत, बाबू. घरच्यानं सांगतलं नाई का?"

"सांगतलं. पन बैलाचा भाव होते ना? बैल महादेवाचा. मंग गनपतीच्या मुळीचा काऊन नाई? बाप मोठा का लेक?"

कांदेवाला हसला. बुढी हसली नाही. "बैल बाजारात आनला का तो बाजाराचा होते," ती म्हणाली. "जडी बाजारात आली तरी जंगलाची राहते."

"मंग जंगलाच्या भावानं दे. तिथं तं फुकटच हाय."

"जंगल फुकट हाय. माह्ये गुडघे नाई."

आता लोक जमले होते, आणि लोक जमले की मला माघार घेता येत नाही. मी खांद्यावरचा दुपट्टा हातावर पसरला आणि तिच्यापुढं धरला. "घाल हात. सांग बोटानं."

कोणाला वाटलं नव्हतं, पण तिनं हात घातला. तिची बोटं त्या मुळीसारखीच होती, वाळकी आणि कडक. तिनं माझी मधली दोन बोटं धरली आणि अशी पिळली की माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तोंडावर मात्र मी काही दिसू दिलं नाही.

"हा माह्या भाव," ती म्हणाली. भोवतीची माणसं खदखदून हसली.

मी हात सोडवला नाही, मुळीही सोडली नाही. सहा म्हटलं. सात म्हटलं. शेवटी तीच वैतागली. मुळी माझ्या पुढ्यात टाकून म्हणाली, "सात दे आन जाय. पन आयकून जाय. जडी म्हनून नाई देली. सरपन म्हनून देली. चुलीत घालजो, चांगली जळते."

मी सात रुपये दिले. ज्या वस्तूचा भाव आजवर कोणी केला नव्हता तिचा भाव मी केला होता, आणि तोही तिच्या तोंडून उतरवला होता. बैलबाजाराकडं परतलो तेव्हा माझी बोटं ठणकत होती आणि छाती भरून आली होती.

घरी बायकोनं दोन्ही हातांनी मुळी घेतली. विचारलं, "भाव तं नाई केला?"

"ती म्हनली, घेऊन जाय. घेऊन आलो."

हे खोटं नाही. तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मुळी धुवायला घेतली. चतुर्थीला ती मुळी घेऊन केळझरला गेली, गणपतीच्या पायाला लावून आली. शेंदूर लावला, लाल फडक्यात गुंडाळली आणि मला पाटावर चढवून चौकटीला बांधून घेतली. मी सरपण बांधतो आहे हे मला माहीत होतं, आणि त्या बुढीला.

पोळ्याच्या आधी मुलगी झाली. जगली. चांगली ठणठणीत जगली. तिच्यामागं दोन मुलगे झाले, तेही जगले.

त्या पहिल्याच पोळ्याला ती बुढी आमच्या दारात येऊन उभी राहिली. आष्टीहून एवढ्या लांब. मी बैलांच्या शिंगांना बेगड लावत होतो. बायकोनं तिला ओट्यावर बसवलं, पुरणाची पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. बुढी निवांत जेवली. उठताना तिनं चौकटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"जळली नाई का अजून?"

"तुह्या सरपनाले ओल हाय, माय," मी म्हणालो.

त्यानंतर ती दर पोळ्याला येऊ लागली. मला वाटे, पुरणाची चटक लागली बुढीला. आणि खरं सांगायचं तर तिचं येणं मला आवडू लागलं होतं. दर वर्षी तिला दाखवायला माझ्याकडे काहीतरी नवं असे. एका वर्षी गोठा. एका वर्षी विहीर, त्याच मुरमात फोडलेली, दादाच्या विहिरीपेक्षा खोल. एका वर्षी रस्त्याकडचं काळं वावर. मी तिला म्हणे, "पाहा, सात रुपयाच्या सरपनात किती घर पेटलं." ती पोळी चावत राही.

हे मी कसं उभं केलं ते ऐका. उन्हाळ्यात चारा संपला की लोक बैल विकायला काढतात. तेव्हा माझ्याकडे कडबा असे, कारण मी हिवाळ्यात, तो स्वस्त असताना, गंज्या रचून ठेवलेल्या असत. हाडांवर आलेले बैल मी घेई, सावलीत बांधी, सरकी-ढेप खाऊ घाली, पायाला शेक देई. पेरणीआधी तेच बैल लोक माझ्याकडून मागून नेत. उन्हातान्हात या बाजारातून त्या बाजारात पायी गेलो. पायाची नखं गेली. लाथा खाल्ल्या, एकदा बरगडी मोडली. आणि गावात पारावर बसून लोक काय म्हणत? "त्याच्या चौकटीले गनपती हाय ना. जडीच तशी हाय."

ही गोष्ट पसरवली दादानं. मला त्याच्या तोंडची वाक्यं लोक आणून देत. "त्यात त्याचं काय हाय? मले अशी जडी भेटली असती तं मी वर्ध्यात बंगला बांधला असता." मुरमातून विहीर काढणारा भाऊ त्याला बघवत नव्हता. भावाच्या डोक्यात अक्कल आहे असं मानण्यापेक्षा मुळीत गणपती आहे असं मानणं त्याला सोपं गेलं.

सगळ्यात झोंबलं ते शंकरपटाच्या दिवशी. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. मी दोन गोऱ्हे, चाल पाहून, दोन वेगळ्या गावांतून घेतले होते. त्यांना एकमेकांची सवय लावली, माझ्या हातानं शिकवले. ती जोडी अशी सुटली की धूळ खाली बसायच्या आत पलीकडं पोचली होती. मी फेटा उडवला. आणि भोंग्यावरचा माणूस ओरडला, "जडीवाल्याची जोडी." हजारभर माणसांत माझं नाव घ्यायची ती एक वेळ होती. मी त्या भोंग्यावाल्याच्या मचाणावर चढलो होतो. लोकांनी ओढून खाली काढलं.

सांगून टाकायचं अनेकदा ओठांवर आलं. त्या जडीचा मी भाव केला होता, ती मेलेली आहे, नियम तुमचाच आहे, तेव्हा हे सगळं माझ्या हातांचं आहे हे कबूल करा. पण घरात बायको दर मंगळवारी तिला ऊद दाखवायची. लेकरांच्या कपाळाला त्याच शेंदराचं बोट लावायची. ते पाहिलं की मी गप्प बसे. एवढं गप्प मी दुसऱ्या कोणत्याच गोष्टीबद्दल बसलो नाही.

मग गावात केबलचा टीव्ही आला त्या साली, पोळ्याला थोडे दिवस असताना, दादा माझ्या दारात आला. वेगळं निघाल्यापासून पहिल्यांदा. त्यानंही आदल्या वर्षापासून बैलांचा व्यापार सुरू केला होता. ज्या शब्दाला तोंड वाकडं करायचा तोच धंदा. अमरावतीकडच्या बाजारात त्यानं दात न पाहता जोडी घेतली. ती म्हातारी निघाली. दुसरी जोडी नांगराला बसकण मारणारी. तो ओट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, धंद्याचं काही विचारेल. मी सांगितलं असतं, शिव्या देऊन का होईना.

तो म्हणाला, "लहान्या, जडी दे."

"काय?"

"तुह्यं आता भागलं. वावर झालं, विहीर झाली. एक-दोन साल मले दे. भाऊच हाय ना मी."

माझ्या अंगात संताप चढला, आणि त्याच्या पाठोपाठ एक फार थंड, फार गोड विचार आला. देऊन टाकावी. मेलेली मुळी त्याच्या चौकटीला बांधू दे. त्याचे बैल बसकण मारत राहतील, माझे पळत राहतील, आणि गावाच्या तोंडाला आपोआप कुलूप बसेल. इतकी वर्षं ज्या संधीची वाट पाहिली ती हातात टोपी घेऊन ओट्यावर बसली होती.

"बस," मी म्हणालो आणि आत गेलो.

बायकोनं सगळं ऐकलं होतं. चुलीपाशी उभी होती, पदराचं टोक मुठीत.

"नका देऊ," ती म्हणाली. "चौकट उघडी पडन. पोरीचं लग्न काढलं हाय आपन."

तिला इतकं घाबरलेलं मी पहिल्या लेकराच्या वेळेनंतर पाहिलं नव्हतं. म्हणून मी सांगितलं. "आयक. त्या जडीत काई नाई. मी भाव केला होता. अकराची सातले आनली. बुढीनं सरपन म्हनून देली."

तिच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. दुपट्ट्याखाली हात असलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"कोनं सांगतलं?"

"तुमच्या बोटानं. तुमी आले तवा दोन बोटं सुजले होते. दुसऱ्या बाजाराले मी सोता गेली आष्टीले, पोटुशी. बुढीले म्हटलं, माह्या मानसानं जडी मारली, आता जित्ती कर. जे सांगशीन ते देईन. ती म्हनली, पैसे नाई पायजे. दर पोळ्याले तुह्या घरचं पुरन खाईन, जित्ती हाय तोवर. मी हो म्हटलं. भाव नाई केला."

मी चुलीसमोरच्या पाटावर बसलो. इतक्या पोळ्यांना ती बुढी येऊन माझ्या ओट्यावर आपला हप्ता खाऊन जात होती, आणि मी तिला विहीर दाखवत होतो.

"म्हंजे जडी जित्ती होती."

"होती. हाय."

"मंग दादा म्हनते ते खरं? मी काईच नाई केलं?"

आता ती चिडली. "जडीनं बैलाचे दात पाह्यले का? जडीची बरगडी मोडली का? मी तिच्यापाशी बैल मागतलेच नाई कधी. मी लेकरं मागतले. ते जगले. तुमच्या धंद्याचं तुमी दोघं भाऊ पाहून घ्या, माह्या चौकटीले हात लावू नका."

बाहेर दादा खाकरला. मी उठलो. मघाशी मी एक काटकी देऊन भावाला गाडायला निघालो होतो. आता तसं राहिलं नव्हतं. आता द्यायची तर खरी वस्तू द्यावी लागणार होती, आणि ती माझी नव्हतीच. आणि नाही म्हणावं, तर उद्या पारावर हेच: पाहा, जडी सोडत नाई, म्हंजे जडीच कमावते.

मी बाहेर आलो. दाराच्या आड बायको येऊन उभी राहिली, ते मला तिच्या बांगड्यांवरून कळलं.

"देतो," मी म्हणालो. आत बांगड्या वाजायच्या थांबल्या. "पन रीत तुले माहीत हाय. तूच गावाले सांगत फिरला. मांगन ते द्यायचं. भाव नाई करायचा."

"सांग. किती?"

"पैसे नको. पोळ्याच्या दिवशी, तोरनाखाली, साऱ्या गावासमोर म्हनायचं का माह्या लहान्या भावानं हे सारं आपल्या अकलेनं आन आपल्या हातानं कमावलं. जडीनं नाई."

दादानं डोळे बारीक केले. "अन मंग जडी कायले नेऊ मी?"

"ते तू पाह्य."

लोक म्हणतात मी डाव टाकला. मी डाव टाकला नाही. मी भाव सांगितला, मला खरोखर हवा असलेला. तो हो म्हणाला असता तर मला पाटावर चढून ती गाठ सोडावी लागली असती, आणि आत उभ्या बाईसमोर मी कोणत्या तोंडानं गेलो असतो ते मला ठाऊक नाही. त्या घडीला माझ्या दोन्ही तळहातांना घाम आला होता. दुपट्ट्याखाली असं कधी झालं नव्हतं.

दादा बराच वेळ टोपीची कड बोटांनी दाबत बसला. आमच्या बापाची बोटं त्याला मिळाली आहेत, मलाही. मग तो म्हणाला, "तोरनाखाली काऊन? सारं गाव राहते तिथं. इथंच म्हनतो ना, तुह्या ओट्यावर. तुही बायको आयकून राह्यली. तेवढं पुरे."

मी काही बोलायच्या आत दाराआडून आवाज आला. माझ्या बायकोनं आजवर भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड उघडलं नव्हतं. त्याच्याशी बोलली नाही, चौकटीशी बोलल्यासारखी बोलली.

"भाव झाला."

दादा चमकला. "मी भाव नाई केला. मी फकत म्हटलं..."

"केला, दादा," मी म्हणालो.

त्यानं चौकटीकडं पाहिलं. लाल फडकं जुनं होऊन काळपट झालं होतं. त्याला त्यात काय दिसलं कोणास ठाऊक, पण तो मागं सरकला, जणू ती मुळी त्याच्यासाठी त्या क्षणी मेली होती. नियम त्यालाही माझ्याइतकाच पाठ होता, आणि जीभ आम्हां दोघांचीही एकाच घरची. टोपी घालून तो निघून गेला. पायरी उतरताना म्हणाला, "हेडी तो हेडीच." त्यात मला पहिल्यांदाच थोडं कौतुक ऐकू आलं, किंवा मी ते काढून घेतलं.

त्या पोळ्याला बुढी आली. फार वाकली होती. या वेळी ताट मी वाढलं. तिनं घास थांबवून माझ्याकडं पाहिलं.

"काऊन, आज हेडी वाढून राह्यला?"

"तुह्या हप्ता हाय म्हनते."

"कळलं म्हन की." तिनं पोळी मोडली. मी तिला दादाची गोष्ट सांगितली. ती ऐकत ऐकत जेवली आणि तोंड पुसून म्हणाली, "तुमच्या घरात भाव न करनारी एकच. तिच्या भरोशावर चाललं तुमचं." मग ताटाकडे बोट करून म्हणाली, "तूप कमी हाय आज."

मी तूप आणलं. भाव केला नाही.

पुढं ती बुढी यायची थांबली. बायको दर पोळ्याला एक पान तिच्या नावानं ओट्यावर ठेवते, लिंबाखालच्या बाजारातून कोणी जंगलाकडची बाई आली तर तिला वाढते. ट्रॅक्टर आले, बाजार उतरले, तरी गवळाऊ घ्यायचा म्हटलं की माणसं माझ्याच दारात येतात. येतात आणि आधी वर चौकटीकडं पाहतात, मग बैलाकडं. मला अजूनही राग येतो. मी त्यांना सांगतो, वर काय पाहता, खाली दात पाहा.

जडी तिथंच आहे. पोरीचं लग्न झालं, तिच्या लेकरांच्या कपाळालाही तोच शेंदूर लागला. दादा म्हातारा झाला आहे, समोरच्या पारावर बसतो. पोळ्याला आम्ही दोघं तोरणाखाली आपापल्या जोडीचा कासरा धरून उभे असतो, आणि दर वर्षी मी त्याच्याकडे एकदा पाहतो. तो दुसरीकडे पाहतो. माझा भाव त्याला ठाऊक आहे. तो मी उतरवलेला नाही.